खळ दिलेल्या नोटा

"मंजू, ये. आणि आज मास्क नको आणूस."

सुलूकाकूंचा फोन एवढाच होता. मी ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाशी, कुणीतरी देणगी दिलेल्या पुस्तकांची नोंद करत बसले होते. गेलं वर्ष-दीड वर्ष इथे टेक्सासमधल्या प्लेनोतल्या त्यांच्या घरात पाऊल टाकायचं तर दाराशीच चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, नवा मास्क लावायचा आणि दत्ताकाकांच्या खुर्चीपासून लांब, मागच्या अंगणात उघडणाऱ्या पॅटिओच्या दाराजवळच्या स्टुलावर बसायचं, असा कडक नियम होता. काकांचा रक्ताचा कॅन्सर, मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट, मग तो आजार पुन्हा उलटणं... या सगळ्यात काकूंनी तो नियम कुणासाठीही सैल केला नव्हता. पोटच्या मुलीलाही विमानातून आल्यावर आधी गॅरेजमध्ये कपडे बदलायला लावायच्या. त्यामुळे काका गेले हे त्यांनी शब्दांत सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी पोहोचले तेव्हा बैठकीच्या खोलीत, शेवटच्या दिवसांत घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिसवाल्यांनी आणून ठेवलेल्या कॉटवर काका होते. त्यांची मुलगी इरा सांता क्लाराला एका शाळेत संगीत शिकवते. ती किचनमध्ये फ्युनरल होमच्या माणसाशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. काकू कॉटशेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मी सवयीने पॅटिओच्या दाराकडे वळले, तर म्हणाल्या, "तिकडे कुठे? जवळ बस. आता चालतं."

मी जवळ बसले. इतक्या महिन्यांनी मी काकांना इतक्या जवळून पाहत होते. उजव्या हाताची बोटं थोडी वळलेली होती, अंगठा तर्जनीला टेकलेला. नोट धरायची त्यांची पद्धत तीच होती. मला तसं वाटलं, एवढंच म्हणते. माणूस गेल्यावर बोटं कशीही वळत असतील.

दत्ताकाका नात्याने माझे कुणी नव्हते. मी ग्रंथालयशास्त्र शिकायला टेक्सासला आले त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळाच्या टेबलांच्या पलीकडे एका कोपऱ्यात, ते आपला जुन्या भारतीय नोटांचा संग्रह मांडून बसले होते. मुलं येत, "इज इट रिअल मनी?" विचारत आणि उत्तर न ऐकता चकल्यांकडे पळत. मोठी माणसं "वा, छान छंद आहे" म्हणून पुढे सरकत. मी तिथे थांबले, कारण कागद हा माझा अभ्यासाचा विषय होता. एका नोटेच्या डाव्या बाजूला दोन बारीक भोकं दिसली, म्हणून विचारलं, ही कसली? काकांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हा प्रश्न ऐकण्यासाठीच ते इतका वेळ तिथे बसले होते. म्हणाले, "बँकेत बंडल टाचायचे ना, त्याची. इथले लोक म्हणतात, डॅमेज्ड. अगं, डॅमेज्ड कसली? आपल्या देशात राहून आल्याचा तो व्हिसा आहे तिचा!"

ते मूळचे सांगलीचे. तेल उपसणारे पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. शिकायला इथे आले तेव्हा विमानतळावर चहावाल्याला द्यायची राहून गेलेली एक रुपयाची नोट शर्टाच्या खिशात निघाली, ती त्यांची पहिली नोट. पुढे नोकरी लागल्यावर ते शनिवारी सकाळी गावोगावच्या इस्टेट सेलना जाऊ लागले. इथे म्हातारं माणूस गेलं की घरातलं सगळं सामान, चमच्यांपासून पलंगापर्यंत, घरातच मांडून विकतात. अशाच एका घरात सिगारच्या लाकडी पेटीत त्यांना इंग्रज राजाचं चित्र असलेली दहा रुपयांची नोट मिळाली, आणि तिच्यावर शाईने केलेल्या बाराएक सह्या. दुसऱ्या महायुद्धात आसामातल्या विमानतळांवर अमेरिकन सैनिक होते. डोंगरांवरून चीनकडे सामान नेणाऱ्या विमानांत एकत्र उडालेली पोरं एकमेकांच्या नोटेवर सही करायची. तिला ते शॉर्ट स्नॉर्टर म्हणत. पुढे कुठे बारमध्ये भेट झाली आणि ती नोट खिशात नसली, तर दारू पाजायची. त्यातली बरीच पोरं पुढे कुठेच भेटली नाहीत. जी परतली त्यांच्या नोटा ओक्लाहोमा, अर्कान्सा, टेक्सासमधल्या कपाटांत पडून होत्या.

काकांनी आयुष्यभर अनेक नोटा जमवल्या. अडीच रुपयांची दुर्मीळ नोट, हजला जाणाऱ्यांसाठी वेगळी छापलेली नोट, ब्रह्मदेशासाठी वेगळा छाप मारलेल्या नोटा... पण त्यांचा जीव होता तो या सह्यांच्या नोटांत. भिंग घेऊन एकेक सही वाचायची, त्या माणसाच्या गावाचा शोध लावायचा, मुलं-नातवंडं हयात असतील तर त्यांना सहीची झेरॉक्स पाठवायची. "भारताची नोट, अमेरिकेची शाई. माझ्यासारखीच आहे ती," असं एकदा म्हणाले होते. एरवी असली वाक्यं ते बोलत नसत, लगेच ओशाळले आणि चष्मा पुसायला लागले.

एका बाबतीत मात्र त्यांना राग आवरत नसे. काही व्यापारी जुन्या नोटा धुऊन, इस्त्री करून, नव्यासारख्या करून विकतात. दरवर्षी एका हॉटेलच्या हॉलमध्ये नोटांचं प्रदर्शन भरतं, तिथे अशी नोट हाती आली की काकांचा चेहरा बदलायचा. जुन्या नोटेच्या कागदावर बनवतानाच एक पातळ लेप दिलेला असतो. त्यानेच ती बोटांना कणखर लागते. पाण्यात गेली की तो लेप विरतो, शाई फिकी पडते, आणि इस्त्रीने छपाईचा उरलासुरला उठावही सपाट होतो. लांबून नोट सुंदर दिसते. "पावडर लावलेलं प्रेत आहे हे," काका मला मराठीत म्हणायचे आणि व्यापाऱ्याकडे बघून हसून नोट परत करायचे.

काकू या प्रदर्शनांना कधीच आल्या नाहीत. घरातही त्यांनी नोटांची चौकशी केली नाही. "माझ्या सवती आहेत त्या," म्हणायच्या, "आणि सवती तरी कसल्या! एवढा बाडबिस्तरा, पण इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी येईल तर शपथ." काका हसायचे. त्यांनीही कधी समजावून सांगितलं नाही. चाळीसएक वर्षांच्या संसारात नोटांबद्दलचा एकच शब्द काकूंच्या कानावर पुन्हा पुन्हा पडला होता. एखादी चांगली नोट मिळाली की काका घरात शिरतानाच म्हणायचे, "सुलू, बघ! कशी करकरीत आहे!"

ट्रान्सप्लांट ठरलं तेव्हा हॉस्पिटलातल्या नर्सने घरच्यांना बसवून सूचना दिल्या. अंगात प्रतिकारशक्ती शून्यावर येणार, म्हणून घरात कुंड्या नकोत, ताजी फुलं नकोत, गालिचा धुऊन घ्या, बुरशी धरणारं जुनंपानं काही ठेवू नका. इराने लगेच यादीत नोटा घातल्या. "आई, द नोट्स हॅव टु गो. पुट देम इन स्टोरेज." तिचं चुकलं नव्हतं, त्या आल्बमना जुन्या कागदाचा वास येई, तो मला आवडायचा, पण तो बुरशीचाच वास असतो हे मलाही ठाऊक होतं. काकूंनी ऐकून घेतलं. काका आठवडेच्या आठवडे हॉस्पिटलातल्या काचेआडच्या खोलीत पडून होते, इरा रजा काढून त्यांच्यापाशी बसत होती, आणि दुपारी काकू घर साफ करायला प्लेनोला येत होत्या. त्या दुपारी त्यांनी काय केलं ते कुणालाच सांगितलं नाही. त्यांना काकांना चकित करायचं होतं.

काका घरी आले. डोक्यावर केस नाहीत, गाल आत गेलेले, पण आवाज तोच. मला भेटायची परवानगी मिळाली त्या दुपारी मी पॅटिओच्या दाराजवळ मास्क लावून बसले होते. तेवढ्यात काकू आतून आल्बम घेऊन आल्या. चेहऱ्यावर, सणाला केलेला पदार्थ पानात वाढायला आणावा तसा आनंद.

"इरा म्हणत होती, बाहेर टाका. म्हटलं, घरी आल्यावर हे पहिल्यांदा काय मागणार? माझं तोंड मागणार आहेत का?"

"वास कुठे गेला गं?" काकांनी विचारलं.

"धुतल्या! सगळ्या. एकेक करून. डिटर्जंट नाही हं, बेबी शॅम्पू. परातीत कोमट पाणी घेऊन. आणि कुणीकुणी पेनाने गिचमीड करून ठेवली होती ना, त्याला जरा जास्त चोळावं लागलं, पण गेली बघा. मग मऊ पडल्या, म्हणून तांदळाच्या पेजेची पातळ खळ दिली. तुम्हाला करकरीत लागतात ना. आणि मग मलमलच्या कपड्यात ठेवून इस्त्री. तीन आठवडे हेच करत होते दुपारभर."

काकांनी हातमोजे काढले. ते काढायची परवानगी नव्हती, पण काकूंनी आल्बम त्यांच्या आणखी जवळ सरकवला. काकांनी पहिल्या पानातून दहा रुपयांची नोट ओढून घेतली, तीच, सिगारच्या पेटीतली, आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरली. राजाचं चित्र होतं. आकडा होता. बाकी सगळा कागद स्वच्छ होता. सह्यांच्या जागी निळसर सावलीसुद्धा उरली नव्हती. काका तिच्याकडे पाहत राहिले. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं मशीन चालू होतं, ते कोपऱ्यापर्यंत गेलं, वळलं, परत आलं...

"झाली की नाही करकरीत?" काकूंनी विचारलं.

"झाली," काका म्हणाले. "एकदम करकरीत झाली, सुलू." आणि मग, "जरा चहा टाकतेस?"

काकू आत गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांचं वर्णन मी करणार नाही. "मंजू," ते म्हणाले, "हे तुझ्यामाझ्यात. इरालासुद्धा नाही." मी मान डोलावली. ते पुन्हा नोटेकडे वळले आणि जवळजवळ स्वतःशीच बोलले, "बेबी शॅम्पू... निदान नोटेच्या डोळ्यांना झोंबला तरी नसेल." आणि हसायला गेले, तर खोकला आला.

त्यानंतरचे महिने मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. रोज दुपारी चहा झाला की काकू एक आल्बम घेऊन यायच्या आणि शेजारी बसायच्या. आयुष्यात पहिल्यांदा बसायच्या. त्या नोटांना आता त्यांचेही हात लागले होते ना! "ही कुठली हो? हिची खळ जरा जास्त झाली का?" त्या विचारायच्या. काका म्हणायचे, "नाही, नाही, बरोब्बर झालीय," आणि त्या नोटेची गोष्ट सांगायचे. सह्यांच्या नोटा आल्या की तिथे नसलेल्या नावांची गोष्ट वगळून फक्त राजाबद्दल बोलायचे. काकूंच्या चेहऱ्यावर त्या दुपारी असा काही उजेड असायचा की बघवत नसे. मी शनिवारी जायची. पॅटिओच्या दाराजवळच्या स्टुलावरून हे सगळं बघायची, आणि घरी जाताना गाडी हायवेवर चढवण्याआधी थोडा वेळ कडेला थांबवायची.

एकदा आम्ही दोघंच असताना काका म्हणाले, "डॉक्टर मला सांगतात, रक्ताचे काउंट्स चांगले आहेत. मी सुलूला सांगतो, नोटा चांगल्या आहेत. सगळे एकमेकांशी किती छान वागतोय बघ." मी म्हटलं, काका, सांगून टाका ना, काकू समजून घेतील. त्यांनी मान हलवली. "समजून घेईल, तेच तर नको आहे. मी गेल्यावर तिला करायला काही उरणार नाही, तेव्हा ती हेच घेऊन बसेल. परात आणि बेबी शॅम्पू. रोज धूत बसेल मनात."

आजार उलटला तेव्हा काउंट्सचं ते सोंग संपलं, पण नोटांचं चालूच राहिलं. आता त्यांना आल्बमचं पान उलटायलाही श्रम पडत. एका शनिवारी मी जाऊन बसते न बसते तोच हलक्या आवाजात म्हणाले, "मंजू, आज नको म्हणावं तिला. काहीतरी कारण काढ. मला आज नाही जमायचं ते." मी कारण शोधते आहे तोवर काकू आल्बम घेऊन दारात उभ्याच होत्या. काकांनी उशीवरून मान उचलली. "आण, आण," म्हणाले, "तुझीच वाट बघत होतो."

काका गेल्यावर काही आठवड्यांनी ते वार्षिक प्रदर्शन आलं. काकांच्या तिथल्या मित्रांनी त्यांच्या आठवणीसाठी एक टेबल राखून ठेवलं आणि काकूंना बोलावलं. मी म्हटलं, काकू, एवढ्यात कशाला, पुढच्या वर्षी बघू. "पुढच्या वर्षी मी असेन कशावरून?" त्या म्हणाल्या. इराला फोन केला, तर ती म्हणाली, "आय थिंक इट्स स्वीट, मंजूताई. लेट हर." तिला तरी मी काय सांगणार होते? शेवटी मी एवढंच केलं की नोटांसाठी कुलूप लागणारी काचेची पेटी मिळवली. काचेआडून कागद कळत नाही. निदान हातात तरी कुणी घेणार नाही.

त्या दिवशी काकू निळ्या रंगाची इरकल नेसल्या होत्या. पेटीमागे खुर्चीत ताठ बसल्या होत्या. लोक येत, वाकून बघत. जाणकार होते त्यांना काचेआडूनही कळलं असावं, कारण ते नेहमीपेक्षा जरा लवकर सरळ उभे राहत, काकूंचा हात हातात घेत, "ही वॉज अ गुड मॅन" म्हणत आणि निघून जात. मला वाटलं, निभावलं.

दुपारी वेन नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. ओक्लाहोमाहून स्वतः ड्राइव्ह करत आले होते. सिगारच्या पेटीतल्या त्या नोटेवर त्यांच्या वडिलांची सही होती. वेन पाळण्यात असतानाच वडिलांचं विमान परत आलं नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी काकांनी त्यांचा पत्ता शोधून सहीची झेरॉक्स पाठवली होती. मूळ नोट त्यांनी कधी पाहिली नव्हती. प्रवास होत नव्हता, आज जमलं, असं म्हणाले. काचेवर वाकून त्यांनी ती नोट बघितली. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितली. मग पाकिटातून घडी घातलेली झेरॉक्स काढली आणि काचेवर, बरोबर नोटेशेजारी, उलगडून ठेवली.

"हीच आहे ना ती?" त्यांनी विचारलं. "नंबर तर तोच आहे. पण माझ्या वडिलांचं नाव...?"

मी काही बोलायच्या आत काकू उठल्या. त्यांना वाटलं, कुणी कौतुकच करतंय. "येस, येस," त्या म्हणाल्या, "देअर वॉज लॉट ऑफ स्क्रिबलिंग. आय क्लीन्ड इट. ऑल बाय हँड."

वेनचं बोट झेरॉक्सवरच्या एका नावावर होतं. काकूंनी ते बोट पाहिलं. मग झेरॉक्स पाहिली, ती सगळी नावं, आणि मग शेजारची कोरी नोट. त्यांना किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. हॉलमध्ये बोलणी चालू होती, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. वेननी झेरॉक्स सावकाश घडी करून पाकिटात ठेवली. "इट्स ऑल राइट, मॅम," ते म्हणाले. "तुमच्या नवऱ्याने मला ही पाठवली, तेवढंच पुष्कळ आहे. त्याआधी माझ्याकडे त्यांचं अक्षरही नव्हतं." काकूंनी हात जोडले. इथे कुणापुढे हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "आणि बाकीच्या नोटा? ज्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं?"

मी सांगितलं. लेप, शाई, उठाव, सगळं. आता लपवून काही उपयोग नव्हता, आणि त्यांनी सरळ विचारलं होतं.

"ह्यांना कधी कळलं?"

"त्याच दिवशी, काकू. पहिली नोट हातात घेतली तेव्हा."

"आणि तुला?"

"मला त्यांच्याकडे बघून."

पुढे गर्दी तुंबली होती, लाल दिव्यांची लांबच लांब रांग. काकूंनी पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता मांडीवर ठेवून त्याच्या घड्या मोडत राहिल्या. "मी विचारलं होतं त्यांना, खळ जास्त झाली का," त्या म्हणाल्या. "म्हणाले, बरोब्बर झालीय." आणि थोड्या वेळाने, "मग इतके महिने रोज मला शेजारी बसवून हे बघत काय होते गं?" हायवेवरून उतरायची एक्झिट माझ्या लक्षातच आली नाही, ती मागे गेली आणि आम्ही पुढच्या फ्रिस्को गावापर्यंत जाऊन परत फिरलो.

त्यानंतर दोन-तीन आठवडे त्यांनी माझा फोन घेतला नाही. मेसेजला "बरी आहे" एवढंच उत्तर यायचं. काकांनी जे होऊ नये म्हणून इतकं सोसलं, तेच आता त्या घरात एकटीने चाललं असेल, या विचाराने मला काम सुचत नव्हतं. मग गेल्या शनिवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "तुझ्याकडे आहे का एखादी? न धुतलेली?"

माझ्याकडे काकांनीच दिलेल्या दोन-चार साध्या नोटा आहेत. त्यांतली राजाच्या काळातली एक घेऊन मी गेले. काकूंनी जेवणाचं टेबल मोकळं केलं होतं. आल्बममधली तशीच, त्याच किमतीची, धुतलेली नोट काढून ठेवली होती. त्या रडलेल्या दिसत नव्हत्या. उलट परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा चेहरा होता. "मला डोळ्यांनी फरक दिसत नाही," म्हणाल्या. "मला तर माझीच जास्त छान दिसते. मी डोळे मिटते. तू हातात दे. कुठली ते सांगू नकोस."

मी म्हटलं, काकू, कशाला हे? काकांना हे मुळीच नको होतं.

"त्यांना नको होतं ते त्यांनी निभावलं," त्या म्हणाल्या. "आता मला काय हवं ते बघ. त्या दिवशी त्यांच्या बोटांना काय लागलं ते मला कळायला हवं. मी शेजारीच उभी होते ना, मंजू. शेजारी उभी राहून, झाली का करकरीत, विचारत होते."

त्यांनी डोळे मिटले. मी एक नोट त्यांच्या हातात दिली, मग दुसरी. पहिल्यांदा त्या चुकल्या. दुसऱ्यांदाही चुकल्या. मी म्हटलं, पुरे आता. त्यांनी मान हलवली आणि हात पुढेच ठेवला. मी अदलाबदल करत राहिले. त्यांचा अंगठा हळूहळू फिरत होता, मध्येच थांबत होता, परत मागे येत होता. मग एकदा तो थांबला तो थांबलाच.

"ही माझी," त्या म्हणाल्या.

ती त्यांचीच होती. मी पुन्हा बदलून दिली. "ही नाही... ही. ही माझी." त्यानंतर एकदाही चुकल्या नाहीत. कितीही वेळा दिली तरी, बोट लागताच, "ही माझी." शेवटी मीच दोन्ही नोटा काढून घेतल्या.

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "हे सगळं लिही तू. पेपरात दे. त्यांच्या त्या प्रदर्शनातल्या लोकांना वाटत असेल, दत्ताच्या बायकोने वाटोळं केलं. ते खरंच आहे, ते लिही. पण पुढचंही लिही." मग जरा थांबून, "एक विचारते. खरं सांग. मी त्यांना म्हटलं, झाली का करकरीत... ते 'झाली' लगेच म्हणाले का? मला आठवत नाहीये. मी खुशीत होते."

मला त्यांच्याकडे बघावं लागलं.

"नाही, काकू. थोडा वेळ लागला."

"हं," त्या म्हणाल्या. "लागला असणार."